वाल्देमार हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा संशोधक



हाफकिन हे नाव तुम्ही ऐकलेलं असणार. पोलिओचे थेंब, साप चावल्यावरचं औषध, अशा बातम्यांत ते नेहमी येतं. आपल्या ब्रह्मपुरी भागात रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करताना साप चावण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे सर्पदंशाच्या औषधाचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. पण हाफकिन म्हणजे एखादी कंपनी किंवा सरकारी खातं असावं, असंच पुष्कळांना वाटतं. हाफकिन हा एक माणूस होता. परदेशातून आलेला, मुंबईत राहिलेला आणि प्लेगची लस आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतलेला माणूस.

आज त्यांचं चरित्र वाचण्याचं आणखी एक कारण आहे. कोरोनाच्या काळात लस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागत होतं, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस पूर्ण झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. अनेक देशांत हॉटेलात किंवा विमानात जायलाही असा दाखला लागे. लस घेणं माझ्या मर्जीवर आहे की सरकार मला भाग पाडू शकतं, यावर जगभर वाद झाले. हा वाद नवीन नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात तो झाला होता आणि त्याच्या मधोमध हाफकिन उभे होते.

बालपण आणि शिक्षण

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओदेसा हे काळ्या समुद्रावरचं बंदर. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. ओदेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. इल्या मेचनिकॉव्ह हे तिथे त्यांचे गुरू. शरीरातल्या पेशी रोगजंतूंना कशा गिळतात, हे शोधून काढणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ.

त्या काळी रशियात ज्यू लोकांच्या वस्त्यांवर हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी पुढे झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरीचा प्रश्न आला. विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी तिथली रीत होती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही. त्यामुळे गुणवत्ता असूनही त्यांना संग्रहालयातली लहानशी नोकरी करावी लागली.

मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. सरकारची सक्ती कशी असते आणि हातातल्या कागदावर माणसाचे हक्क कसे कमी-जास्त होतात, हे या माणसाने तरुणपणीच भोगलं होतं.

पॅरिसमधला ग्रंथपाल

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. काही काळ ते जिनिव्हात होते. १८८९ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. मेचनिकॉव्ह तिथे आधीच पोहोचले होते. पण जागा रिकामी होती ती फक्त ग्रंथालयात. हाफकिन साहाय्यक ग्रंथपाल झाले. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं, असा त्यांचा क्रम होता.

तेव्हा युरोपात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरत होती. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. आधी प्राण्यांवर पाहिली. माणसावर पाहायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं आणि काही दिवसांत ते बरे झाले. मग काही मित्र स्वतःहून तयार झाले.

हिंदुस्थानात आगमन

पटकी सर्वांत जास्त कुठे होती? आपल्याकडे. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. स्वागत थंडच झालं. इंग्रज अधिकाऱ्यांना हा रशियन माणूस संशयास्पद वाटे. सरकारी डॉक्टरांना वाटे, हा तर प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकीची पदवी नाही, हा आपल्याला काय शिकवणार? आणि सामान्य लोकांना सुईचीच भीती होती.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत पटकी पसरली. तळ्याचं दूषित पाणी हे त्याचं कारण होतं. हाफकिन आणि त्यांचे भारतीय डॉक्टर सहकारी तिथे गेले तेव्हा लोकांनी दगड मारले. मग सर्वांसमोर त्यांच्यातल्याच एकाने सदरा वर करून टोचून घेतलं. ते पाहून लोक जवळ आले. सुमारे २०० जणांच्या त्या वस्तीतल्या ११६ जणांनी लस घेतली. पुढच्या दिवसांत पटकीने जे दगावले, ते लस न घेतलेल्यांपैकी होते. ही बातमी वस्त्यावस्त्यांतून पसरली. आसामच्या चहामळ्यांतही हजारो मजुरांनी लस घेतली.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. डॉ. व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, जोराचा ताप भरायचा आणि बहुतेक रोगी काही दिवसांत दगावायचे. लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले.

ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. त्यांना काय मिळालं, बघा. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, तिच्याबाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर प्लेगची लस शोधायची होती. मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवात ते प्लेगचे जंतू वाढवत. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवत, कारण त्या थेंबांना धरून जंतू चांगले वाढतात. काही आठवड्यांनी तो द्रव तापवून जंतू मारत. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, पण शरीर त्यांना ओळखून लढण्याची तयारी करतं. रश्श्यासाठी त्यांनी बकऱ्याचं मांस वापरलं. गाईचं किंवा डुकराचं मांस असेल या शंकेने हिंदू किंवा मुसलमान बांधवांच्या भावना दुखू नयेत, हा त्यामागचा विचार होता.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना जेवढी द्यायची होती तिच्या तिप्पट मात्रेने. जोराचा ताप आला, पण ते कामावर येत राहिले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी स्वतःहून तयार झाले त्यांनाच लस दिली गेली, सुमारे निम्म्या कैद्यांनी ती घेतली. ज्यांना टोचण्याच्या दिवशीच रोग जडलेला होता ते सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी कोणी दगावलं नाही. न घेतलेल्यांपैकी सहाजण गेले.

लोकांना भीती कशाची होती?

आता तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं औषध मिळालं तर लोकांनी रांगा लावल्या असतील. तसं झालं नाही. त्यासाठी त्या वेळची परिस्थिती समजून घ्यायला हवी.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. हाच कायदा कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला. या कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार मिळाले. घरात शिरायचं, रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं, रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या अंगाला हात लावून गाठी तपासायच्या. उंदरावरच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे यातला बराचसा त्रास रोग थांबवण्याच्या कामाचाही नव्हता.

पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरं तपासली. देवघरात बूट गेले, बायकामाणसांची विटंबना झाल्याच्या तक्रारी आल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली होती. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणण्याचं काम त्या करत होत्या. याकडे नीट बघा. एकाच शहरात सरकारी पथकाला लोक दार लावत होते आणि सावित्रीबाईंकडे आपला माणूस सोपवत होते.

मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात माणसाला मारतात, अशा अफवा होत्या. अशा वातावरणात हाफकिन यांची सुई आली. लोकांना ती सरकारच्याच पोतडीतली वाटली.

भीती कमी झाली ती ओळखीच्या माणसांमुळे. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतलं. प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. त्यानंतर खोजा समाजातल्या हजारो लोकांनी लस घेतली. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस देऊन पाहिलं. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी माणसं. प्लेग आला तेव्हा लस न घेतलेले २६ जण गेले, घेतलेल्यांपैकी ३.

टोचल्याचा दाखला

इथे सरकारने एक नवी गोष्ट आणली. टोचून घेतलेल्याला दाखला मिळू लागला. दाखला असेल तर अनेक ठिकाणी छावणीत राहण्यातून सूट मिळे आणि प्रवासातली अडवणूक कमी होई. आपल्या कोरोना प्रमाणपत्राचा हा पणजोबाच म्हणा.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. कित्येकांनी छावणी टळावी म्हणून लस घेतली आणि त्यांचे प्राण वाचले. हुबळी-धारवाड भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, तिथे हजारो लोकांनी टोचून घेतलं. पण दुसरीकडे संशयही वाढला. औषध खरंच चांगलं असेल तर सवलतीचं आमिष कशाला, असं लोकांना वाटू लागलं. आज दाखला मागतात, उद्या धरून टोचतील, ही भीती पसरली. मे १८९८ मध्ये कलकत्त्यात टोचणी सक्तीची होणार अशी अफवा उठली आणि माणसं घाबरून शहर सोडू लागली. शेवटी टोचणी ऐच्छिक राहील, असं सरकारला जाहीर करावं लागलं.

हाफकिन यांचं काम मात्र पहिल्यापासून इच्छेने पुढे येणाऱ्यांवरच चाललं होतं. आधी आपण टोचून घ्यायचं, मग विचारायचं, जो हो म्हणेल त्यालाच द्यायचं आणि कोण वाचलं, कोण गेलं याची नोंद लोकांपुढे ठेवायची, ही त्यांची पद्धत होती.

परदेशात काय चाललं होतं?

हा गोंधळ फक्त आपल्याकडे होता, असं समजू नका. इंग्लंडमध्ये १८५३ पासून लहान मुलांना देवीची लस सक्तीची होती. न टोचल्यास दंड होई. लोक एवढे चिडले की १८८५ मध्ये लेस्टर शहरात मोठा मोर्चा निघाला. अखेर १८९८ मध्ये कायदा बदलला. ज्या आईबापांना मनापासून आक्षेप असेल त्यांना सूट मिळाली. म्हणजे ज्या काळात इंग्रज सरकार आपल्याकडे माणसांना छावणीत नेत होतं, त्याच काळात त्यांच्या घरी नागरिकांना नाही म्हणण्याचा हक्क मिळाला.

अमेरिकेत उलटं घडलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात एका धर्मोपदेशकाने देवीची लस नाकारली, त्याला पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सर्वांच्या जिवासाठी राज्य असा नियम करू शकतं, असा निकाल १९०५ मध्ये लागला.

मल्कोवालची दुर्घटना

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. इथून देशभर लस जाऊ लागली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबातल्या मल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून लस दिलेले होते.

सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला. लस लवकर तयार व्हावी म्हणून त्यांनी पद्धत थोडी बदलली होती. कार्बोलिक अॅसिड न घालता फक्त उष्णतेवर ते भर देत होते. बाटली मुंबईतच दूषित झाली, असं चौकशीत ठरवलं गेलं. त्यांना कामावरून दूर केलं. ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं आपली बाजू मांडत राहिले.

खरं काय होतं? बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत अनेक दिवस वाढले असते तर घाण वास आला असता. शिवाय बूच काढताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला, हे कागदपत्रांत नोंदलेलं होतं. म्हणजे दोष गावात घडला होता. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात हे उघड मांडलं. तेव्हा कुठे त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

पण नुकसान व्हायचं ते झालं होतं. मल्कोवालनंतर पंजाबात लोक सुईपासून दूर गेले. त्यांचं चुकलं, असं आपण पटकन म्हणू नये. शेजारच्या गावात १९ माणसं गेल्यावर कोण दंड पुढे करेल? सरकारने मात्र काय घडलं ते लगेच उघडपणे सांगण्याऐवजी एका माणसावर दोष टाकला आणि फाईल बंद केली. पाच वर्षांनी सत्य बाहेर आलं, तोवर रोग थांबलेला नव्हता. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसं गेली, त्यात पंजाबचा वाटा फार मोठा होता.

शेवटची वर्षे

हाफकिन परत आले ते कलकत्त्याला. मुंबईची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही आणि माणसांवर लसीच्या चाचण्या करण्याचीही मोकळीक राहिली नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नाही. पुढचं आयुष्य धर्माचरणात आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला मदत करण्यात घालवलं. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस गेले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

आपण काय घ्यायचं?

कोरोनाच्या वेळी २०२१ मध्ये ब्रिटनने भारतात कोविशील्ड घेतलेल्यांनाही विलगीकरणात राहायला लावलं. लस तीच, ब्रिटनमध्येच शोधलेली, पण आपल्या दाखल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. भारताने तसाच नियम ब्रिटिश प्रवाशांना लावला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत, वाट पाहावी लागली. परदेशात शिकायला निघालेली मराठी मुलं या कागदामुळे अडकली होती.

यावरून दिसतं की लशीच्या दाखल्यात दोन गोष्टी असतात. एक आरोग्याची, दुसरी अधिकाराची. साथीत नियम लागतातच, कारण माझा रोग माझ्यापुरता राहत नाही. पण नियम करणाऱ्यावर लोकांचा भरवसा नसेल तर चांगलं औषधही वाया जातं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत आजही आरोग्य सेविका आणि आशाताई पायी फिरतात. ज्या गावात ताई ओळखीची असते, आदल्या वेळी ताप आलेल्या बाळाला दुसऱ्या दिवशी बघायला आलेली असते, तिथे तिला दार उघडं मिळतं. हाफकिन यांनी कलकत्त्याच्या वस्तीत जे केलं, तेच काम ती करते.

विचार करा आणि वहीत लिहा

१. भायखळ्याच्या तुरुंगात फक्त तयार झालेल्या कैद्यांनाच लस दिली. सर्वांना सक्तीने दिली असती तर काय फायदा झाला असता आणि काय तोटा?

२. टोचल्याच्या दाखल्यावर सवलत देणं तुम्हाला योग्य वाटतं का? दोन्ही बाजूंची दोन-दोन कारणं लिहा.

३. मल्कोवालच्या घटनेनंतर तुम्ही अधिकारी असता तर गावकऱ्यांना काय सांगितलं असतं?

४. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : देवीची लस त्यांना कुठे आणि कोणी टोचली होती? दंडावरची खूण बघा आणि त्यांची आठवण पाच-सहा ओळींत लिहून आणा.